नातेवाइकांकडचा मुक्काम : वाचतं काय, लागतं काय?

परदेशच्या सहलीचा खर्च मांडायला बसलं की मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो : तिकडे आपलं कोण आहे? न्यू जर्सीला मावसभाऊ, म्युनिकला पुतणी, लंडनच्या हॅरोला बायकोची आतेबहीण, दुबईला मेव्हणा. नावं निघत जातात आणि सहल त्या नावांभोवती आखली जाते. हॉटेलचे पैसे वाचतात, घरचं जेवण मिळतं, वर्षानुवर्षं न झालेल्या गाठीभेटी होतात. या हिशेबात खरं किती आणि भाबडं किती, हे तपासून पाहण्यासारखं आहे, कारण आता मध्यमवर्गातल्या बहुतेक घरांना तो कधी ना कधी मांडावा लागतो, जाणारा म्हणून किंवा बोलावणारा म्हणून.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पैसे वाचतात, पण वाटतात तेवढे नाही. आणि जे वाचतात त्यातला बराच भाग यजमानाच्या अंगावर पडतो : त्याच्या रजेवर, झोपेवर, कागदपत्रांवर आणि कधीकधी बँकेतल्या पैशांवरही. दोन्हीकडच्यांनी हे आधी बोलून घेतलं तर कमी पैशांत याहून चांगली सहल नाही. गृहीत धरलं तर मात्र सहल स्वस्तात होते आणि नातं महागात पडतं.

सवय जुनी, परिस्थिती नवी

अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली मोठी पिढी तिकडे गेली. खिशात आठ डॉलर घेऊन उतरल्याच्या आठवणी त्या पिढीतले कितीतरी लोक सांगतात. भारतात परकीय चलन मोजूनमापून मिळायचं. १९७३ च्या 'फेरा' कायद्याने नियम आणखी आवळले. त्यामुळे इथून कोणी भेटीला गेलं तर विमानतळावर उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंतचा सगळा खर्च यजमानाचाच. पाहुण्याने द्यायचं मनात आणलं तरी त्याच्याकडे डॉलर नसत. असे पाहुणेही काही वर्षांतून एखादेच यायचे, म्हणून त्यांचं कौतुक असायचं.

पुढे 'फेरा' गेला, २००० मध्ये 'फेमा' आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या नागरिकाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा माणशी २,५०,००० डॉलर आहे. फॉरेक्स कार्ड कोपऱ्यावरच्या बँकेत मिळतं. म्हणजे पाहुण्याने स्वतःचा खर्च स्वतः करायला कायद्याची कसलीच आडकाठी उरलेली नाही. पण चलनटंचाईच्या काळात पडलेली 'तिकडे गेल्यावर तेच बघतील' ही सवय काही घरांत अजून टिकून आहे.

दुसरीकडे नव्वदच्या दशकापासून संगणक क्षेत्रातली मंडळी मोठ्या संख्येने बाहेर गेली. तिकिटं आवाक्यात आली आणि इथल्या निवृत्तांच्या हातात वेळ व पैसा दोन्ही आलं. परिणाम असा, की अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रीमाँटमधल्या एखाद्या घरात मे ते ऑगस्टमध्ये आधी आईवडील, मग सासूसासरे आणि मधल्या आठवड्यात चुलतभावाचं चौकोनी कुटुंब अशी रांग लागू शकते. प्रत्येक पाहुण्याच्या दृष्टीने तो एकदाच आलेला असतो. यजमानाचा मात्र तो सगळा हंगाम असतो.

वाचतं नेमकं किती?

खर्चाचे मोठे तुकडे पाच : तिकीट, व्हिसा, विमा, राहणं-खाणं आणि तिथलं फिरणं. नातेवाईक असल्याने कमी होतो तो फक्त चौथा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर, म्हणजे चौघांचे ७४० डॉलर. आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाहीत. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. तिकिटाचा दर सुट्ट्यांवर चालतो. मे-जूनमध्ये शाळेला सुट्टी म्हणून आपण जातो, डिसेंबरात नाताळची सुट्टी म्हणून ते येतात आणि दोन्ही वेळा विमान महागच असतं. मुलांच्या शाळेचं बंधन नसलेल्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर गाठला, तर राहण्यावर वाचवायचे तेवढे पैसे एकट्या तिकिटातच वाचू शकतात.

राहण्याची बचत मोठी असते, यात शंका नाही. न्यूयॉर्क, लंडन, झुरिक अशा ठिकाणी दोन आठवडे चार माणसं हॉटेलात ठेवायची म्हणजे तिकिटांच्या बरोबरीचा खर्च. पण नातेवाईक सहसा तिथे राहत नाहीत जिथे आपल्याला फिरायचं असतं. ते राहतात नोकरी, चांगली शाळा आणि परवडणारं घर जिथे जुळतं तिथे. एडिसनहून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला रेल्वेने पाऊण-एक तास लागतो, आणि घरापासून एडिसन स्टेशनपर्यंत सोडायला कोणालातरी गाडी काढावी लागते. अमेरिकेच्या उपनगरात गाडीशिवाय माणूस अक्षरशः घरात बसून राहतो. कोपऱ्यावर दुकान नाही, रिक्षा नाही, कित्येक रस्त्यांना पदपथसुद्धा नाही. यजमान कामावर गेल्यावर उबर बोलावली की हॉटेलात वाचलेले पैसे तिकडे जायला लागतात.

युरोपात चित्र वेगळं आहे. जर्मनीत पुतणी एखाद्या मध्यम गावात राहत असली, तरी डॉइचलांड-टिकेटवर महिनाभर देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम वापरता येतात. २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं हे तिकीट २०२६ पासून ६३ युरोंना आहे. वेगवान आयसीई गाड्यांत ते चालत नाही. शिवाय ते दर महिन्याचं वर्गणी-तिकीट असल्याने त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ही वर्गणी बऱ्याचदा पुतणीच्या खात्यावरून काढलेली असते आणि रद्द करायची आठवण आपण मुंबईत उतरल्यावर होते! लंडनमध्ये ११ वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमधून फुकट जातात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना तिकीट नाही. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनची संग्रहालयंही मोफत आहेत. जिथे सार्वजनिक वाहतूक चांगली आणि बघण्यासारखं फुकट, तिथे नातेवाइकाच्या घराचा खरा फायदा होतो. जिथे सगळं गाडीवर अवलंबून, तिथे तो निम्म्यावर येतो.

यजमानाची रजा

या हिशेबात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट कोणती असेल, तर यजमानाची रजा. अमेरिकेत भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा नाही. किती रजा द्यायची ते कंपनी ठरवते आणि अनेकांना वर्षाला दोन-तीन आठवडेच मिळतात. त्यातच त्यांची स्वतःची भारतभेट, मुलांची आजारपणं आणि शाळेच्या सुट्ट्या बसवायच्या असतात. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते आणि ब्रिटनमध्ये ५.६ आठवड्यांची. म्युनिकची पुतणी दोन दिवस रजा काढून आल्प्स दाखवायला नेते आणि न्यू जर्सीचा भाऊ शनिवार-रविवारवर भागवतो, यात प्रेमाचा फरक नसतो.

आणखी एक फरक आपल्या लक्षात येत नाही. पुण्यात किंवा नाशकात आपण दिलखुलासपणे पाहुण्यांचं करतो ते पोळ्यांना बाई, धुण्याभांड्याला मावशी, बाहेर जायला रिक्षा आणि घरात एखादं निवृत्त माणूस असतं म्हणून. तिकडे हे सगळं करणारी माणसं दोनच असतात आणि ती सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसलेली असतात. चार पाहुण्यांच्या तीन वेळच्या खाण्याचं एकच काम घ्या : आठवड्याचा किराणा दुप्पट, भांड्यांचं मशीन दिवसातून दोनदा, रात्री दहाला उद्याची कणीक. यातलं काहीही पाहुण्याला दिसू नये अशीच यजमानाची धडपड असते, म्हणून ते दिसत नाही.

सही कोणाची, जबाबदारी कोणाची

'आमंत्रणपत्र पाठव' असं आपण सहज म्हणतो. कागदाचं वजन देशागणिक बदलतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी आमंत्रणपत्र लागतच नाही. अर्जदाराचं भारतात काय आहे, नोकरी, घर, कुटुंब, म्हणजे तो परत येईल का, हे अधिकारी बघतो; भाऊ तिथे किती कमावतो याने फारसं काही ठरत नाही. जर्मनीत मात्र पाहुण्याकडे स्वतःचे पुरेसे पैसे दिसत नसतील तर यजमानाने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पगाराच्या पावत्या दाखवून आणि २९ युरो भरून औपचारिक हमीपत्र द्यायचं असतं. त्या सहीने पाहुण्याच्या राहण्याखाण्यापासून आजारपणापर्यंत आणि परत पाठवण्यापर्यंतचा खर्च गरज पडल्यास यजमानावर येतो. फ्रान्समध्ये घरी उतरणार असाल तर यजमानाला नगरपालिकेकडून तसा दाखला घ्यावा लागतो आणि घरात पाहुण्याला पुरेशी जागा आहे का, हेही नगरपालिका तपासू शकते. तेव्हा मेव्हण्याच्या मेव्हण्याकडे आमंत्रणपत्र मागताना आपण त्याच्याकडे नेमकं काय मागतो आहोत, हे माहीत हवं. स्वतःच्या बँकेचे सहा महिन्यांचे उतारे जोडून त्याला हमीपत्राच्या फेऱ्यातून मोकळं ठेवणं बहुतेकांना शक्य असतं.

शेंगेनचा आणखी एक नियम इथे आडवा येतो. जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. पुतणी जर्मनीत म्हणून अर्ज जर्मनीकडे आणि रात्री मात्र इटली-स्वित्झर्लंडमध्ये जास्त, असा आराखडा अर्ज नाकारायला पुरेसा ठरतो. रात्री मोजूनच सहल आखावी.

कुटुंब म्हणजे कोण, याबाबतीतही परदेशी कायदे आपल्यापेक्षा फार कंजूष आहेत. कॅनडाचा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण तो फक्त आईवडील आणि आजीआजोबांना. तेही मुलाचं किंवा नातवाचं ठरावीक उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा असेल तर. ज्या काकांनी मुलाला शिकवलं, ते कॅनडाच्या दृष्टीने साधे पर्यटक. चुलत, मामे, मावस असं कुठलंच नातं या खिडकीवर चालत नाही.

घर त्यांचं, नियम कोणाचे?

परदेशातलं भाड्याचं घर यजमानाच्या मर्जीवर पूर्णपणे चालत नाही. अमेरिकेतल्या अनेक भाडेकरारांत पाहुण्याने सलग किती दिवस राहायचं याची मर्यादा लिहिलेली असते. जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दार वाजवतो. कचऱ्याचे चार डबे असतात आणि चुकीच्या डब्यातल्या पिशवीबद्दल बोलणी यजमान खातो.

सगळ्यात जास्त गडबड न्हाणीघरात होते. तिकडच्या बऱ्याच न्हाणीघरांत जमिनीला उतार नसतो आणि पाणी जायला मोरीही नसते; पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकटीत सांडायचं असतं. आपला माणूस पहाटे उठून बादली शोधतो, ती नसते म्हणून पातेलं घेतो आणि फरशीवर उभा राहून यथासांग आंघोळ करतो. पाणी लाकडी जमिनीखाली मुरतं, खालच्या घराच्या छताला डाग पडतो आणि महिन्याभराने घरमालकाचं पत्र येतं. तीच गोष्ट फोडणीची. हिंग-मोहरीचा धूर वर गेला की धुराचा भोंगा कोकलायला लागतो. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि विनाकारण वाजल्याचं बिलही येऊ शकतं. मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी यजमानाने अर्धा तास काढून न्हाणीघर, गॅस, कचरा, दाराची किल्ली आणि वायफाय समजावून द्यावं आणि पाहुण्याने ते अपमान न वाटू देता ऐकावं. एवढ्याने पुढचे पंधरा दिवस सोपे जातात.

बॅगेतली माया

हॉटेलात जाणारा रिकाम्या बॅगा नेतो, नातेवाइकांकडे जाणारा भरलेल्या. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांतली एक यजमानाचीच असते : भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, शिवाय 'एवढं एकच पाकीट' म्हणून शेजारच्या काकूंनी आपल्या मुलासाठी दिलेलं. परगावी जाणाऱ्याबरोबर काहीतरी धाडायचं, ही आपली रीत. पण तिलाही आता नियम लागू आहेत. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, त्यामुळे खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावरच राहतात. तूप आणि तेलकट लोणचं हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर नेता येत नाही. अमेरिकेत कढीलिंबाचा पाला, ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ अडवले जातात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याहून कडक आहेत; न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या खाद्यपदार्थाला जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्याला मात्र दंड करतात, हा जवळजवळ सगळीकडचा नियम.

आणि तिकडे आता काय मिळत नाही? न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांत पोह्यांपासून कोकमापर्यंत सगळं असतं. घरच्या भाजणीला पर्याय नाही हे खरं. पण निघण्यापूर्वी यजमानाला 'काय आणू?' असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा चष्मा, औषधं किंवा मुलांची मराठी पुस्तकं असं येतं.

दुखलंखुपलं तर

काटकसरीची खरी परीक्षा इथे होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा बंधनकारक आहे, म्हणून सगळे तो काढतात. अमेरिकेत पर्यटकाला तशी सक्ती नाही, म्हणून काही जण विमाच टाळतात, आणि नेमकं तिथलंच रुग्णालय सर्वांत महाग. एका रात्रीच्या तातडीच्या उपचारांचं बिल अख्ख्या सहलीच्या खर्चाला मागे टाकू शकतं आणि मग ते भरायला पाहुणा यजमानाच्याच तोंडाकडे बघतो. विमा काढतानाही बारकाई हवी. स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच मिळते, बाकीचे पैसे आपले. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशी आधीपासूनची दुखणी बऱ्याच पॉलिसींत जिवावरचा प्रसंग वगळता धरली जात नाहीत. साठीच्या पुढच्या पाहुण्याने या एका बाबतीत काटकसर करू नये. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मुक्कामापेक्षा थोडी जास्तच न्यावीत. आखातात जाणाऱ्यांनी तर यादी आधी तपासावी. आपल्याकडे मिळणारी काही वेदनाशामकं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात.

आखात आणि मॉरिशस

न्यू जर्सी आणि म्युनिक म्हणजे सगळा परदेश नव्हे. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातल्या असंख्य घरांसाठी परदेश म्हणजे आखात. तिथे नातेवाईक असला तरी घर असेलच असं नाही. कंपनीच्या वसतिगृहात किंवा भागीतल्या खोलीत राहणारा भाऊ पाहुण्याला ठेवू शकत नाही. तिथे स्वस्त हॉटेल आणि शुक्रवारची एक निवांत भेट, हेच दोघांच्या सोयीचं. स्विंडनमध्ये स्थिरावलेल्या गोवेकरांकडे जाणाऱ्यांना ब्रिटनची छोटी घरं आणि पाळ्यांची नोकरी लक्षात घ्यावी लागते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो.

मॉरिशसची गोष्ट उलटी आहे. १८३४ पासून मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातली माणसंही होती. आज तिथे मराठी आडनावं आहेत, गणेशोत्सव आहे, भारतीय पासपोर्टला आगाऊ व्हिसा लागत नाही आणि यूपीआयही चालतं. नातं मात्र पुसट झालंय. तिथले मराठी लोकच आपलं मूळ गाव शोधत कोकणात येतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या मजुरांच्या नोंदींतून त्यांना धागा मिळतो. परदेशी नातलगाचं यजमानपद अशा वेळी आपल्याकडे येतं, हे विसरू नये.

किती दिवस, कोणाचे पैसे

'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण बैलगाडीने येणाऱ्यांसाठी होती. पंधरा तास उडून आलेल्याला ती जशीच्या तशी लावता येणार नाही, पण तिच्यातला हिशेब चुकलेला नाही. आईवडिलांचं वेगळं, ते मुलाच्या घरी जातात. चुलत-मावस भावंडांकडे सहकुटुंब जायचं तर सलग चार-पाच रात्रींच्या वर मुक्काम ताणू नये. दोन आठवड्यांची सहल असेल तर सुरुवातीला तीन रात्री त्यांच्याकडे, मधले दिवस स्वतः बाहेर फिरून हॉटेल-होस्टेलात, आणि परतीच्या आधी दोन रात्री पुन्हा त्यांच्याकडे, ही मांडणी बहुतेकांना मानवते. जड बॅगा त्यांच्या घरी ठेवून हलकं फिरता येतं, जेटलॅग घरच्या वरणभातावर निघतो आणि यजमानालाही मध्ये श्वास घ्यायला आठवडा मिळतो.

पैशांचं बोलायला आपण संकोचतो आणि बिल देताना हॉटेलच्या काउंटरवर झोंबाझोंबी करतो. त्यापेक्षा एकदा आठवड्याचा किराणा भरावा, पेट्रोल आणि पार्किंग आपलं ठेवावं, तिकिटं आपणच काढावीत. रोख पाकीट कोणी घेणार नाही; दुकानात पुढे होऊन कार्ड लावलं तर कोणी अडवत नाही. एक दिवस त्यांची मुलं सांभाळून नवराबायकोला बाहेर पाठवलं, तर त्या भेटीची सर कुठल्याच साडीला येत नाही. आणि ते डिसेंबरात पुण्याला आले की त्यांच्या फिरण्याची, मुक्कामाची सोय आपण आपणहून करावी.

मग ही सहल कोणासाठी? ज्यांना माणसं भेटायची आहेत आणि जाता जाता देश बघायचा आहे, त्यांच्यासाठी उत्तमच. ज्यांना पंधरा दिवसांत सात शहरं बघायची आहेत, त्यांनी सरळ टूर घ्यावी किंवा होस्टेलात राहावं आणि नातलगांना एका जेवणापुरतं भेटावं. दोघांनाही ते बरं पडतं. मधल्या सगळ्यांनी तिकीट काढण्याआधी एक फोन करावा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : कुठल्या तारखा तुम्हाला सोयीच्या आहेत, गाडीचं काय करायचं आणि किती रात्री राहू. उत्तर द्यायला समोरच्याने क्षणभर वेळ घेतला, तर आकडा आपणच एका रात्रीने कमी करावा.